मांडव उतरल्यानंतरचा नेम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी नाताळ झाला की वृत्तपत्रांत गच्च भरलेल्या चर्चचे फोटो येतात. रोषणाई, मेणबत्त्या, नव्या कपड्यांतली मुले. बातमी खरीच असते. पण त्याच चर्चमध्ये जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मागचे बाक रिकामे असतात, आणि बुधवारच्या प्रार्थना सभेला पाळक (चर्चचे धर्मगुरू), पाळकीणबाई आणि चार वयस्कर बाया एवढीच मंडळी जमते. त्याची बातमी होत नाही हे समजू शकते. आम्हा ख्रिस्ती लोकांनाही त्यात काही विशेष वाटत नाही, हे मात्र समजत नाही. मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, या अवस्थेला ‘थंड पडणे’ म्हणतात. ‘तो भाऊ हल्ली थोडा थंड पडलाय’ असे हळू आवाजात सांगायचे आणि ठरलेला उपाय सुचवायचा: उज्जीवन सभा (विश्वास पुन्हा जागवण्याची सभा) भरवा, बाहेरचा वक्ता आणा, तीन दिवस मांडव घाला.

मांडवाला विरोध नाही. पण मांडव तीन दिवसांत उतरतो आणि चौथ्या दिवशी सकाळी माणूस काय करतो, यावर त्याचे पुढचे वर्ष ठरते. हे पत्र त्या चौथ्या दिवसाबद्दल आहे.

आधी रोग नीट ओळखायला हवा, कारण थंड दिसणारी सगळी माणसे एकाच कारणाने थंड झालेली नसतात. पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एलीया पाहा (१ राजे, अध्याय १९). कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा लगेच जिवाच्या भीतीने रानात पळतो, झुडपाखाली बसतो आणि ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो. देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला उठवतो तो जेवायला: निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा उठून खातो, आणि त्यानंतरच होरेब डोंगराची चाळीस दिवसांची वाट सुरू होते. क्रम लक्षात घ्या: झोप, अन्न, पाणी, मग प्रवास, आणि देवाचा प्रश्न सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे नर्सिंग आणि शिक्षण या पेशांत ख्रिस्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. रात्रपाळी करून आलेल्या नर्सला ‘ताई, तुम्ही पहाटे चारला प्रार्थनेला उठत नाही म्हणून आशीर्वाद अडलाय’ असे सांगणाऱ्याने हा अध्याय वाचलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास असेल, आवडीच्या कशातच रस नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण कुणाच्याच कामाचे नाही असे वाटत असेल, तर ती आत्मिक मरगळ नाही. तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला डॉक्टर लागतो. सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. ‘विश्वास कमी पडतोय’ म्हणून गोळ्या बंद करायला लावणारा सल्लागार पाळक असो की काकू, त्याचे ऐकू नये. मधुमेहाची गोळी घेतल्याने जसा कुणाचा विश्वास कमी होत नाही, तसाच याही गोळीने होत नाही.

तिसरा प्रकार आहे कोरडेपणाचा. माणूस प्रार्थनेला बसतो, वचन वाचतो, पण आत काही हलत नाही. सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत योहान ऑफ द क्रॉस यांनी हा कोरडेपणा आणि खरी मरगळ वेगळी ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. देवाच्या गोष्टींत गोडी लागत नाही, पण जगातल्या इतर कशातही लागत नाही, ही पहिली. आपण देवाची सेवा नीट करत नाही, मागे पडतोय, ही चिंता मनाला लागून असते, ही दुसरी. आणि पूर्वीसारखे चित्र डोळ्यांपुढे आणून मनन करणे काही केल्या जमत नाही, ही तिसरी. यातली मधली खूण व्यवहारात सगळ्यांत उपयोगी पडते. ‘मी थंड पडलोय का?’ हा प्रश्न ज्याला सतावतो, तो बहुधा कोरडा झालेला असतो, थंड पडलेला नसतो. थंड पडलेल्याला हा प्रश्न पडतच नाही. मदर तेरेसा कित्येक वर्षे अशा कोरडेपणात होत्या, हे त्यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले. त्या सगळ्या वर्षांत रोजची पहाटेची प्रार्थना आणि रोजचे काम, दोन्ही चालूच होते.

आता खरी मरगळ. तिचे सगळ्यांत बारीक वर्णन चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने केले. तो इसवी सन ३९९ मध्ये वारला. वाळवंटातले बंधू बायबलमधल्या ९१व्या स्तोत्रातल्या, भरदुपारी नाश करणाऱ्या साथीचे नाव घेऊन या दुखण्याला ‘दुपारचे भूत’ म्हणत. इव्हाग्रियसच्या म्हणण्याप्रमाणे ते सकाळी दहाच्या सुमारास येते आणि दोन वाजेपर्यंत मानगुटीवर बसते. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा होतो. संन्यासी पुन्हा पुन्हा खिडकीशी जातो, जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे ते सूर्याकडे बघून मोजतो, कुणी भेटायला येतेय का पाहतो. मग आपली खोली नकोशी होते, हातचे काम नकोसे होते. ‘इथल्या बंधूंमध्ये प्रेमच उरलेले नाही’ असे वाटते. दुसरीकडे कुठेतरी देवाची सेवा जास्त चांगली करता येईल असे वाटते. घरच्यांची आठवण येते. आणि पुढे किती लांब आयुष्य असेच काढायचे आहे, हे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

सोळाशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन आजच्या भाषेत मांडायला फार कष्ट पडत नाहीत. खिडकीच्या जागी मोबाइल आला. ‘इथल्या बंधूंमध्ये प्रेम नाही’ हे वाक्य जसेच्या तसे टिकून आहे. मंडळी बदलणाऱ्या दहांपैकी आठ जण तेच म्हणतील. इव्हाग्रियसचा शिष्य कॅसियन याने आणखी एक खोच दाखवली आहे, ती तर सोन्याच्या मोलाची. हे भूत माणसाला नेहमी झोपवतेच असे नाही, कधी कधी ते त्याला कामाला लावते. अमक्या आजाऱ्याला भेटायला हवे, तमक्या निराधार बाईची विचारपूस करायला हवी, अशी सगळी चांगलीच कामे सुचतात. फक्त स्वतःच्या खोलीत बसणे तेवढे टळते. आमच्या मंडळ्यांत थंड पडलेली माणसे शोधायची असतील तर घरी बसलेल्यांकडेच पाहू नये. पंचकमिटीची निवडणूक, ट्रस्टच्या जमिनीचा वाद, कापणीच्या सणाचा लिलाव, वर्धापनदिनाचा मंडप, या सगळ्यांत सर्वांत पुढे धावणाऱ्या एखाद्या बंधूला विचारून पाहा: एकट्याने, कुणी ऐकत नसताना, एखादे स्तोत्र शेवटचे कधी वाचले होते?

उपाय सांगताना आमच्या व्यासपीठांवरून बहुतेक वेळा भावनेची हाक दिली जाते. ‘पहिली प्रीती पुन्हा पेटवा!’ ज्या वचनावरून हे सांगतात ते प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातले, इफिस शहरातल्या मंडळीला लिहिलेले आहे. ही मंडळी आळशी नव्हती. तिचे श्रम, धीर, खोट्या प्रेषितांची तिने केलेली पारख, सगळ्याचे कौतुक करूनच प्रभू म्हणतो की तू पहिली प्रीती सोडलीस. आणि मग आज्ञा देतो. त्या आज्ञेतली क्रियापदे मोजा: आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर. ‘पहिल्यासारखे वाटून घे’ असे तिथे कुठेच म्हटलेले नाही. भावना हुकमाने येत नाही, कृत्य करता येते. ज्या दिवसांत विश्वास ताजा होता तेव्हा माणूस काय करत होता? रात्री झोपण्यापूर्वी एक अध्याय? शनिवारी आईबरोबर आजाऱ्यांना भेटणे? पगार झाला की आधी दशमांश बाजूला काढणे? ते आठवायचे आणि त्यातले एक उद्यापासून पुन्हा सुरू करायचे. आज्ञा इतकी साधी आहे, म्हणूनच बहुधा व्यासपीठावर चालत नाही.

त्याच पुस्तकात लावदिकीया शहरातल्या मंडळीला पत्र आहे: तू ना थंड ना गरम, कोमट आहेस. त्या ‘कोमट’ पाण्याबद्दलही दोन शब्द, कारण त्या वचनाचा अर्थ आपल्याकडे हमखास वाकवला जातो. ‘एक तर देवासाठी तापलेला राहा, नाहीतर सरळ थंड होऊन दूर जा’ असे त्यावरून सांगतात. पण लावदिकीयाच्या उत्तरेला हेरापली येथे गरम पाण्याचे झरे होते, अंगदुखीवर त्यांचा उपयोग होई. दुसऱ्या बाजूला कलस्सै येथे थंडगार पिण्याचे पाणी होते. लावदिकीयाला पाणी नळवाटे लांबून येई आणि पोहोचेपर्यंत ना गरम राही ना गार. म्हणजे गरम आणि थंड दोन्ही चांगलेच; प्रभूची तक्रार कामाला न येणाऱ्या पाण्याबद्दल आहे. शहर श्रीमंत होते. इसवी सन ६० च्या भूकंपानंतर रोमची मदत न घेता ते स्वतःच्या पैशाने उभे राहिले होते. ‘मला कशाचे उणे नाही’ हे त्यांचे बोल म्हणजे त्या शहराचा स्वभावच. सुखवस्तू झालेल्या, दोन-तीन पिढ्या नोकरीत स्थिरावलेल्या आमच्या शहरी मंडळ्यांनी हे पत्र ‘दुसऱ्यांना लिहिलेले’ म्हणून वाचू नये.

तर मग नेम. हा शब्द मराठी आहे, आपला आहे, आणि ख्रिस्ती माणसाने तो वापरायला संकोचायचे कारण नाही. दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे, आणि राजाने बंदीचा हुकूम काढल्यावरही त्याने ‘पूर्वी करत असे तसेच’ केले, असे शास्त्र सांगते. त्यासाठी टाकले गेले तेव्हा सिंहांच्या गुहेत तो धीराने गेला, तो या ‘पूर्वी करत असे’च्या बळावर.

नेम किती असावा? लहान असावा. नव्याने सुरू करणाऱ्याला दिवसाला पंधरा मिनिटे पुरतात. पहिले एक मिनिट गप्प बसावे. मग एक स्तोत्र मोठ्याने वाचावे. मोठ्याने यासाठी की डोळे ओळींवरून फिरत राहतात आणि मन बाजारात जाते. जिभेला तसे करता येत नाही. मग शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) किंवा नव्या करारातल्या एखाद्या पत्राचा एक अध्याय. त्यातले एक वचन हाताने वहीत उतरवून काढावे, भाष्य लिहू नये, नुसते वचन आणि तारीख. मग तीन माणसांची नावे घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना, त्यात एक तरी न आवडणारे माणूस असावे. शेवटी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली, सावकाश, एकेका विनंतीवर थांबत. वेळ घड्याळाने ठरवण्यापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला बांधावी: सकाळच्या चहानंतर, किंवा मुले शाळेत गेल्यावर. जागा एकच असावी. शास्त्र छापील असावे. मोबाइलमधले शास्त्र प्रवासात चांगले, पण नेमाच्या वेळी त्याच पडद्यावर गॅसचा मेसेज, नात्यातल्या ग्रुपवरचे सुप्रभात आणि कुणाचा तरी वाढदिवस येतो.

काय वाचायचे, यात बरेच लोक पहिल्याच महिन्यात फसतात. १ जानेवारीला उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात होते, वर्षात सगळे शास्त्र संपवायचा निश्चय असतो. शास्त्रात एकूण १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन ते चार. उत्पत्ती गोष्टींमुळे सरसर जाते, निर्गम या दुसऱ्या पुस्तकाचा पहिला अर्धा भागही जातो. साधारण २३ जानेवारीला वाचक निर्गमाच्या २५व्या अध्यायात, निवासमंडपाच्या फळ्या आणि पडद्यांच्या मापांत शिरतो, आणि २८ तारखेला लेवीय हे तिसरे पुस्तक उघडते. तिथे एक दिवस चुकतो. दुसऱ्या दिवशी सात अध्याय साचलेले असतात, तिसऱ्या दिवशी दहा. मग लाज वाटते, शास्त्राकडे पाहणेच टाळले जाते, आणि फेब्रुवारीत खूणपट्टी त्याच जागी राहते. दोष लेवीयाचा नाही, आखणीचा आहे. त्यापेक्षा मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करावे. सोळा अध्याय, सोळा दिवस. नव्या करारात २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक असे वाचले, तर बावन्न आठवड्यांत तो बरोबर संपतो आणि शनिवार-रविवार मोकळे राहतात, राहिलेले भरून काढायला. दीडशे स्तोत्रे रोज पाच या हिशेबाने महिन्यात होतात, पण ते सरावलेल्याने करावे. ज्याच्याकडून अध्यायही होत नाही त्याने ११९वे स्तोत्र घ्यावे. त्याची १७६ वचने आठ-आठच्या बावीस भागांत बांधलेली आहेत. रोज एक भाग, बावीस दिवस. आणि चुकलेला दिवस भरून काढायच्या मागे कधीच लागू नये. आजचे आज वाचावे. साचलेले सोडून द्यावे, देव हजेरीपट घेऊन बसलेला नाही.

नेम मोडतो तो बहुधा मोठा धरल्यामुळे. सभेतल्या शेवटच्या रात्री माणूस पहाटे चारचा एक तास आणि आठवड्यातून दोन उपास बोलून टाकतो. नऊ-दहा दिवस जमते. मग पाहुणे येतात, ताप येतो, एक दिवस जातो, आणि जो नेम देवाशी बोलण्यासाठी धरला होता तोच देवाला तोंड चुकवण्याचे कारण होऊन बसतो. उपासाचेही तसेच. शुक्रवारी एक जेवण सोडावे, त्या जेवणाचे पैसे वेगळ्या डबीत टाकावेत, महिनाअखेरीस गरजवंताला द्यावेत, एवढ्याने सुरुवात करावी. मधुमेही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी अन्नाचा उपास करू नये. त्यांनी मालिका सोडावी किंवा चहातली साखर. कॅथलिक मंडळीत तर उपासाचा नियम मुळातच वयाच्या १८ पासून ५९ पर्यंतच्यांनाच लागू आहे आणि तोही राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवशी. जुन्या मंडळीला माणसाच्या शक्तीचा अंदाज होता.

संध्याकाळी झोपण्यापूर्वी दहा मिनिटे आत्मपरीक्षण करण्याची पद्धत जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिली. त्यात पाच पायऱ्या आहेत: दिवसासाठी आभार, स्वतःला नीट पाहता यावे म्हणून प्रकाशाची मागणी, सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवणे, चुकांची क्षमा, उद्यासाठी एक निश्चय. बरेच जण तिसऱ्या पायरीवर अडकून स्वतःला झोडपत बसतात, म्हणून पहिली पायरी कधीही गाळू नये. त्यांचेच आणखी दोन नियम मरगळीच्या दिवसांत फार उपयोगी. एक, मन खिन्न असताना आधी केलेला कोणताही चांगला निश्चय बदलू नये. संडेस्कूल सोडायचे आहे, गायनमंडळ सोडायचे आहे, मंडळी बदलायची आहे? मन निवळेपर्यंत थांबा, मग ठरवा. (मंडळीत कुणावर अन्याय किंवा अत्याचार होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथून बाहेर पडणे आणि तक्रार करणे याला मरगळ म्हणत नाहीत.) दोन, उठावेसे वाटेल तेव्हा ठरल्यापेक्षा थोडे जास्त बसावे. पंधरा मिनिटांचा नेम आहे आणि दहाव्याच मिनिटाला चुळबुळ सुरू झाली, तर सोळावे मिनिट होईपर्यंत हलू नये.

कौटुंबिक प्रार्थनेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण थंडी घरात शिरते ती इथून. पूर्वी आमच्या घरांत दिवेलागणीनंतर एक गीत, एक उतारा, एक प्रार्थना असे. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक घरांत हीच वेळ जपमाळेची. ती वेळ आधी मालिकांनी खाल्ली, मग शिकवण्यांनी. ती पुन्हा आणायची तर दहा मिनिटांपुढे जाऊ नये. गीताची दोनच कडवी, आठ ते बारा वचने, ती आळीपाळीने प्रत्येकाने वाचायची, आणि प्रार्थना प्रत्येकाने एकेका वाक्यात. वडिलांनी तिचे प्रवचन करू नये. आणि ‘प्रभू, हिला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाइल सोडण्याची शक्ती दे’ अशी मुलीला ऐकवण्यासाठी केलेली प्रार्थना तर मुळीच नको; मुले देवापासून दूर जातात त्यातला बराच वाटा या असल्या आडून मारलेल्या टोमण्यांचा असतो.

यात एक अडचण आहे, ती मंडळ्या मोकळेपणाने बोलत नाहीत. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना जुन्या भाषांतराची मराठी कळत नाही. ‘नीतिमत्त्व’, ‘अनुग्रह’, ‘प्रायश्चित्त’, ‘पवित्रीकरण’ हे शब्द ते अडखळत वाचतात आणि आपण त्यांना उदासीन म्हणतो. त्यांना न कळणे आणि त्यांचे मन न लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतारा आधी त्यांना सोप्या भाषांतरात किंवा इंग्रजीत वाचू द्यावा, मग मोठ्याने तोच मराठीत वाचावा आणि रोज एकच अवघड शब्द उलगडून सांगावा. वर्षभरात तीनशेच्या वर शब्द होतात. शास्त्राची भाषा आपली व्हायला तेवढे पुरेसे आहेत. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची कित्येक वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात घालवली, ती खेड्यातल्या साध्या बाईला कळावे म्हणूनच.

रमाबाईंचा विषय निघालाच आहे तर केडगावच्या उज्जीवनाबद्दलही बोलायला हवे, कारण प्रत्येक उज्जीवन सभेत त्याचा दाखला दिला जातो आणि अर्धाच दिला जातो. १९०५ च्या जूनअखेरीस रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात, मुक्ती मिशनमध्ये, जे घडले, मुलींचे रडणे, पापांची कबुली, रात्ररात्र चाललेल्या प्रार्थना, ते सांगतात. त्याआधी काय होते ते सांगत नाहीत. त्या वर्षी जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला जमायला तयार असणाऱ्यांना पुढे बोलावले, तेव्हा सुमारे सत्तर जणी आल्या. त्या रोज जमत राहिल्या, संख्या वाढत गेली, जूनपर्यंत ती साडेपाचशेच्या घरात गेली. म्हणजे ज्या रात्रीची गोष्ट आपण सव्वाशे वर्षे सांगतोय, तिच्यामागे सहा महिन्यांचा रोजचा नेम आहे. शिवाय त्या सगळ्या अनाथ, विधवा, दुष्काळातून वाचलेल्या मुली होत्या, दळण-कांडण, शेती, छपाई अशी कामे करून प्रार्थनेला बसणाऱ्या. प्रार्थना आणि हातचे काम यांची ही सांगड वाळवंटातल्या संन्याशांनीही घातली होती. संत अंतोनी मरगळीने हैराण झाले असता त्यांना एक जण दिसला: बसून दोरी वळायचा, उठून प्रार्थना करायचा, पुन्हा बसून दोरी वळायचा. ‘असे कर म्हणजे तरशील’ एवढाच त्यांना निरोप मिळाला. म्हणून ज्याला नुसते बसवत नाही त्याने भाजी निवडता निवडता स्तोत्र म्हणावे. चालेल.

एकट्याने नेम टिकत नाही, हेही जुन्यांना ठाऊक होते. सहाव्या शतकात बेनेडिक्ट यांनी मठाचे जे नियम केले त्यांत वाचनाच्या वेळी एक-दोन वडीलधाऱ्या बंधूंनी फेरी मारून कुणी मरगळलेला बंधू गप्पा मारत तर बसला नाही ना, हे पाहावे असे स्पष्ट लिहिले आहे. आणि मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाची ‘क्लास’ची (लहान गटांची) पद्धत तर पैशांच्या अडचणीतून निघाली. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथे सभागृहाचे कर्ज फेडायचे म्हणून दर बारा जणांमागे एक पुढारी नेमला. त्याने आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची. घरोघर जाताना पुढाऱ्यांना दिसले की कोण कसे जगतोय, कोण घसरतोय. पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी ते हेरले आणि पैसे गोळा करण्याची सोय आत्म्याची विचारपूस करण्याची सोय झाली. आज प्रत्येक मंडळीत वर्गणीची पावती घेऊन घरोघर जाणारा एक भाऊ असतोच. तो दारातूनच परततो. त्याने दहा मिनिटे आत बसून ‘कसे चाललेय, काय वाचताय, कशासाठी प्रार्थना करू?’ एवढे तीन प्रश्न विचारले तर वेगळी योजना आखायची गरज नाही. मात्र ऐकलेले दुसऱ्या घरात सांगायचे नाही. आमच्याकडे हे असले गट मोडतात ते प्रार्थनेच्या निमित्ताने चालणाऱ्या चहाड्यांमुळे. ‘त्या कुटुंबासाठी प्रार्थना करा’ या वाक्याने सुरू होणाऱ्या बदनाम्या सगळ्यांना माहीत आहेत.

कधी कधी नेमही चालतो, सोबतही असते, तरी आत थंडच राहते. मग एक कारण तपासावे: कुणाशी बोलणे बंद आहे का? अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, हे प्रभूचे सांगणे (मत्तय ५) आपण प्रभुभोजनाच्या रविवारी ऐकतो आणि त्याच भावाच्या बाकापासून तीन बाक दूर बसतो. समेटाची रीतही मत्तयाच्या १८व्या अध्यायात सांगितलेली आहे: आधी एकट्याने जाऊन बोलणे, ऐकले नाही तर आणखी एक-दोघांना सोबत नेणे, आणि मग मंडळीला सांगणे. आमच्याकडे सुरुवात तिसऱ्या पायरीने होते, बहुधा व्हॉट्सॲपवर. लपवलेले पाप हेही असेच कारण. ३२व्या स्तोत्रात दावीद म्हणतो की मी गप्प राहिलो तोवर माझी हाडे झिजत गेली. कॅथलिकांना पापनिवेदनाची सोय आहे. आम्हा प्रॉटेस्टंटांनी ‘थेट देवाजवळ’ म्हणत याकोबाच्या पत्रातली ‘एकमेकांजवळ पापे कबूल करा’ ही ओळ वाचायचीच सोडली आहे.

पाळकांबद्दल एक वाक्य लिहिले नाही तर पत्र अर्धवट राहील. उपदेशाची तयारी म्हणजे स्वतःचे वाचन नव्हे, आणि तीन-तीन गावांच्या मंडळ्या सांभाळणाऱ्या पाळकाला ते कुणी विचारतही नाही; पंचांनी त्याला वर्षातून निदान एक आठवडा सभा, लग्ने आणि अंत्यविधी यांतून पूर्ण मोकळा करावा आणि त्याने तो कनव्हेन्शनमध्ये (मोठ्या धर्ममेळाव्यात) बोलण्यात घालवू नये.

‘मरेपर्यंत विश्वासू राहा’ हे वचन आमच्या कबरींवर पुष्कळ ठिकाणी कोरलेले असते. ते प्रकटीकरणात स्मुर्णा शहरातल्या मंडळीला लिहिलेले आहे. त्याच स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याला दुसऱ्या शतकाच्या मध्यास ख्रिस्ताला शिव्या देऊन सुटून जा असे सांगितले गेले, तेव्हा त्याने उत्तर दिले की शहाऐंशी वर्षे मी त्याची सेवा केली, त्याने माझे काही वाईट केले नाही. त्याच्या उत्तरात आपल्याला त्याला जाळणारा शेवटचा जाळ दिसतो. त्याने स्वतः सांगितला तो आकडा शहाऐंशी वर्षांचा आहे.

संपादक महाशय, पुढच्या नाताळात फोटो जरूर छापा. पण जमले तर फेब्रुवारीतल्या एखाद्या बुधवारी संध्याकाळी सातला आपला छायाचित्रकार एखाद्या जुन्या चर्चमध्ये पाठवा. पंखा बंद असेल, दिवा एकच लागलेला असेल, चार बाया आणि पाळक १०३वे स्तोत्र आळीपाळीने वाचत असतील. पायरीवर चपला काढून त्याने मागच्या बाकावर बसावे. वीस मिनिटांत ते आटोपतात.

आपला,
एक मंडळी-पंच,
अहिल्यानगर